सख्ख्या भावाला लग्नाला बोलवायचं की नाही?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक उत्तर महाराष्ट्रातल्या, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या एका आदिवासी तालुक्यातले. शिकले, नाशकात नोकरीला लागले, तिथेच घर केलं. थोरला भाऊ गावी शेती करतो, ७८ वर्षांची आई त्याच्याकडे असते. भाऊ-वहिनी काही वर्षांपासून ‘प्रार्थनेला’, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनासभेला, जातात. अलीकडे आईही त्यांच्याबरोबर बसते. गेल्या वर्षी भावाने गावदेवीची आणि डोंगऱ्या देवाची वर्गणी दिली नाही. त्यावरून बैठक बसली आणि ठरलं, की या घराशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही. गिरणीवाला दळण घेत नाही, लावणीला मजूर मिळत नाहीत, जो बोलेल त्याला दंड. आता पत्रलेखकांच्या मुलीचं लग्न ठरलंय. भावकीचा निरोप आलाय: भाऊ मांडवात दिसला तर आम्ही येणार नाही, मात्र त्याने पंचांसमोर गावदेवीला एकदा नारळ फोडला तर सगळं मिटेल. पत्रलेखक विचारतात: “दादा पैशाच्या मोहाने तिकडे गेला असं लोक म्हणतात. त्याला समजावून निदान लग्नापुरता नारळ फोडायला लावू का? की येऊच नकोस म्हणून सांगू? त्याच्यामुळे आमच्या मुलांचे जातीचे दाखले जातील, अशीही गावात भीती आहे. मला भांडण नको, शांतता हवी.” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नमस्कार.

लग्न तोंडावर आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. दादाला नारळ फोडायला लावू नका. येऊ नकोस असंही सांगू नका. त्याला रीतसर आमंत्रण द्या, पत्रिकेत काका म्हणून त्याचं नाव छापा, आणि भावकीला हे आत्ताच कळू द्या, हळदीच्या दिवशी नको. मला हे लिहायला सोपं आहे, निभवायचं तुम्हाला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात ‘पैशाचा मोह’ आलाय. आणि पुढे, वहिनीच्या दुखण्याविषयी लिहिताना, तुम्ही ओघात सांगून गेलात की ती सिव्हिलमध्ये होती तेव्हा प्रार्थनेची माणसं रात्रीची तिच्या उशाशी बसून असायची, आणि तेव्हापासून दादाने दारूला हात लावलेला नाही. ही दोन्ही वाक्यं तुमचीच. त्यातलं पहिलं तुम्ही लोकांकडून ऐकलंय, दुसरं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मग पत्राची सुरुवात ऐकीव गोष्टीने का झाली?

पैसे मिळाले असते तर ते कुठेतरी दिसले असते. घर तेच कुडाचं आहे, बैलजोडी विकलेली आहे, हे तुम्हीच लिहिता. माझं म्हणणं असं नाही की आमिष कुठेच दाखवलं जात नाही. ‘प्रार्थना कर, औषध टाक’ असं सांगणारेही काही जण भेटतात, आणि तसं कुणी आईला सांगत असेल तर तिथे तुम्ही अडून बसलंच पाहिजे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना, हे दादाला स्पष्ट विचारा. पण दादा तिकडे का गेला, हा प्रश्न तुम्ही त्याला आजवर एकदाही विचारलेला दिसत नाही. गावाला विचारलात, भावकीला विचारलात. एक रात्र त्याच्या ओट्यावर मुक्काम करा आणि त्यालाच विचारा. पटवून घ्यायला नव्हे, नुसतं ऐकायला.

‘आमिष’ हा शब्द जपून वापरा असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. आज या शब्दावर माणसं तुरुंगात जातात. धर्मांतरावरचे कायदे आपल्याकडे जुनेच आहेत: ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशाचा १९६८ चा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९७७ साली ते वैध ठरवले आणि सांगितलं, की राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा नाही. पण त्याच कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्यही आहे, आणि ते दादाचं स्वतःचं आहे. अलीकडचे कायदे पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झालेत. उत्तर प्रदेशाने २०२१ च्या कायद्यात २०२४ साली दुरुस्ती करून शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली आणि कुणाही तिऱ्हाइताला तक्रारीची मुभा दिली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातले असे काही गुन्हे रद्द केले. पण गुन्हा रद्द होईपर्यंत माणसाची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

तुमचं गाव सीमेवर आहे म्हणून एक बारीक गोष्ट. गुजरातमध्ये २००३ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते आणि धर्म बदलणाऱ्यालाही कळवावं लागतं. दादाचा बाप्तिस्मा झालाय की तो नुसता प्रार्थनेला बसतो, झाला असेल तर सीमेच्या कोणत्या बाजूला, हे त्याने एकदा वकिलाशी बोलून घ्यावं. राज्याराज्यांतले हे नियम झपाट्याने बदलताहेत, तेव्हा इथल्याही आजच्या स्थितीची तिथेच खात्री करून घ्यावी. नुसतं प्रार्थनेला बसणं गुन्हा नाही. स्वतःच्या घरात चार माणसांनी बसून प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागत नाही. भोंगा लावला तर ध्वनिप्रदूषणाचे नियम लागतात, आणि ते भजनाला, लग्नाच्या डीजेलाही तेवढेच लागतात. (तुमच्या मुलीच्या वरातीतही रात्री दहानंतर लागतील, हे जाता जाता.)

आता ‘शांतता’. तुमची शांततेची कल्पना अशी दिसते, की दादाने एक पाऊल मागे घेतलं की गाव शांत होईल. मला शंका आहे. समजा त्याने नारळ फोडला. पुढच्या रविवारी तो परत प्रार्थनेला गेला, तर? मग पंच म्हणतील, यानं देवीसमोर खोटं केलं. आणि ते खरंच असेल. आज त्याच्यावर वर्गणी न दिल्याचा ठपका आहे, उद्या देवीला फसवल्याचा येईल. आणि दादाच्या मनात काय राहील? की सगळ्या गावाला जे करून घेता आलं नाही ते धाकट्या भावाने करायला लावलं, तेही पुतणीच्या लग्नाचं नाव पुढे करून. भावाभावांतली ही अढी तुम्ही दोघं असेपर्यंत सुटायची नाही.

शिवाय शांतता मोडली कुणी? दादाने कुणाचं दळण अडवलेलं नाही. कुणाला दंड केलेला नाही. वर्गणी न देणं गावाला खुपलं, हे खरं. पण ७८ वर्षांच्या बाईच्या दळणाचा डबा गिरणीतून तसाच परत पाठवणं ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. या दोन गोष्टी तुमच्या पत्रात शेजारी शेजारी, एकाच वजनाने लिहिल्या गेल्यात. त्यांना वेगळं करा.

तुम्ही सीमेजवळचे आहात, तेव्हा १९९८ चा नाताळ तुम्हाला आठवत असेल. शेजारच्या डांग जिल्ह्यात त्या आठवड्यात प्रार्थनागृहं जाळली गेली, आदिवासी ख्रिस्ती घरांवर हल्ले झाले. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी डांगला येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हणाले. त्याच महिन्यात २२ तारखेच्या रात्री, ओडिशातल्या मनोहरपूर गावी, कुष्ठरुग्णांत काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. पुढे २००८ साली त्याच राज्यात, कंधमाळमध्ये, स्वामी लक्ष्मणानंद यांच्या हत्येनंतर ख्रिस्ती वस्त्यांवर महिनोन् महिने हल्ले होत राहिले, हजारो लोक निर्वासितांच्या छावण्यांत राहिले. तुमच्या गावाला त्या रांगेत बसवायचा माझा हेतू नाही. तुमच्याकडे कुणी कुणावर हात उचललेला नाही. पण जाळपोळीच्या आधी बहुतेक ठिकाणी हेच होतं: बोलणं बंद, पाणी-दळण बंद, दंड, आणि ‘त्यांच्यामुळे आपल्यावर संकट येणार’ ही कुजबुज. गाव अजून या पायरीवर आहे तोवरच मध्ये पडण्यात अर्थ आहे.

आता गावाची बाजू. ती मला पोकळ वाटत नाही. डोंगऱ्या देव म्हणजे कुणा एकाच्या घरातली पूजा नव्हे. माऊल्या, म्हणजे व्रत धरलेले भक्त, उपास धरतात, रात्ररात्र पावरी वाजते, सगळ्या गावाच्या पिकासाठी आणि गुरांसाठी मागणं मागितलं जातं. एक घर त्यातून बाहेर पडलं तर उरलेल्यांना वाटतं की कुंपणाला भगदाड पडलं, आता आत काहीही शिरेल. शहरातल्या माणसाला ही भीती अडाणीपणा वाटते. मला ती तशी वाटत नाही. ज्यांच्याकडे पीकविमा वेळेवर येत नाही आणि दवाखाना वीस मैलांवर आहे त्यांनी एकमेकांना धरून राहण्याची ही रीत शोधली. त्यात बाहेरून येऊन कुणी ‘तुमचे देव सैतान आहेत’ असं बोललं असेल, आणि काही प्रचारक तसं बोलतात, तर माणसं दुखावणारच. दादा कधी असं बोललाय का, हेही त्याला विचारा. बोलला असेल तर त्याबद्दल गावाची माफी त्याने मागावी. श्रद्धा सोडल्याबद्दल माफी मागायची गरज नाही; दुसऱ्याच्या देवाला हिणवल्याबद्दल आहे.

तडजोडीला वाव आहे तो इथे. वर्गणी एक आकडा असतो, पण तिच्यात बऱ्याच गोष्टी येतात: पूजेचं सामान, बकरा-कोंबडं, वाजंत्री, आणि गावजेवण, मांडव, बल्बच्या माळा, पाण्याचा टँकर. पहिल्या गोष्टी दादाला चालणार नाहीत. दुसऱ्या बहुधा चालतील. काही गावांत असा मार्ग निघालाय, की विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेली, घरं पूजेचे पैसे देत नाहीत, पण बोअरची मोटर, रस्त्याचं श्रमदान, शाळेची भिंत, कुणाच्या घरी मयत झालं तर लाकूडफाटा आणि जेवण यांत दुप्पट हात लावतात. दादाने हा प्रस्ताव आपल्या तोंडाने मांडावा: ‘देवाला मी पैसे देणार नाही, गावाला देईन, एवढे देईन.’ आकडा सांगावा. मोघम बोलून चालणार नाही. ‘मी गावाचाच आहे’ असं शंभरदा म्हटल्यापेक्षा टँकरचं निम्मं भाडं उचलल्याने ते लवकर पटतं.

बोलणं कुणामार्फत करायचं? पंचांपुढे दादाला एकटं उभं करू नका. पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, आणि तुमच्या मामेकुळातला एखादा वडीलधारा, ज्याचा शब्द दोन्हीकडे चालतो, अशी माणसं बसवा. तुम्ही स्वतः दादाच्या शेजारी बसा. समोर नाही, शेजारी. गाव भाषणापेक्षा कोण कुठे बसलंय हे आधी बघतं.

त्या बैठकीला जाताना कायदा खिशात असू द्या. बाहेर काढलाच पाहिजे असं नाही, पण तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक असावं. महाराष्ट्रात वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’ असं त्याचं लांबलचक नाव. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या विरोधात २०१३ पासून जे रान उठवलं त्यातून तो आला, आणि त्या लढ्याची सुरुवात तुमच्या नाशकातच झाली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार टाकणाराच नव्हे, त्यासाठी बैठक बोलावणारा आणि चिथावणी देणाराही त्यात येतो. पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कुणीही, म्हणजे तुम्हीसुद्धा, पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकता. पंच म्हणतील, ‘तो आता आमच्यातला राहिलाच नाही, मग बहिष्कार कसला?’ त्यांना सांगा, या कायद्यात समाज म्हणताना जात आणि पोटजातही धरली आहे, आणि दादा जातीने आजही तुमचाच आहे. पुढे समेट झाला तर पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटवायचीही सोय या कायद्यात आहे, हे गावालाही कळू द्या. ताठर माणसाला परतीची वाट दिसली की तो वळतो.

अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा टाकू, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तो इथे उपयोगाचा नाही. त्या कायद्यातही बहिष्काराचं कलम आहे, पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर तो कायदा लागत नाही, आणि तुमचं गाव तर सगळं आदिवासीच आहे. चुकीचं कलम लावून गेलात तर ठाण्यातून परत पाठवायला आयतं निमित्त मिळेल.

कुणी ग्रामसभेचा ठराव पुढे केला तरी दडपण घेऊ नका. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने, १९९६ च्या, ग्रामसभेला आपल्या चालीरीती जपण्याचा अधिकार दिलाय आणि तो मोलाचा आहे. छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातल्या काही गावांनी पास्टरांना प्रवेशबंदीचे फलक लावले, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, बळजबरी किंवा आमिषाचं धर्मांतर रोखण्यासाठी असे फलक लावणं घटनाबाह्य म्हणता येणार नाही, असं म्हटलं. मला तो निकाल रुचलेला नाही, पण तो आहे आणि गावात कुणीतरी मोबाईलवर तुम्हाला दाखवील. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तो मामला बाहेरून येणाऱ्या पास्टरांचा होता. आपल्याच गावच्या माणसाचं दळण बंद करायचा अधिकार त्यातून कुणाला मिळत नाही.

तक्रार करायची की नाही हे दादा-वहिनींनी ठरवायचं. रोज त्या गावात राहणारे ते आहेत. पण पुरावा आजपासून जमवायला लागा. कोणत्या तारखेला गिरणीत काय बोलणं झालं, कुणासमोर, हे एका वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका, भावकीचा तो लग्नाचा निरोपसुद्धा. कुणी दंड भरला असेल तर कधी, किती, कुणाकडे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न किती का असेना, तिथे वकील फुकट मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आणि हाणामारीची नुसती चाहूल लागली तरी समेटाची वाट बघत बसू नका, ११२ लावा.

दाखल्यांची भीती मात्र पूर्ण निराधार आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत धर्माची अट आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुख्यतः हिंदू होते, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती झालेल्या दलिताची सवलत आजही जाते आणि त्यावरचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. गावात ऐकू येतं ते बहुधा तिथलं. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाहीच. धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा ही मागणी मोर्च्यांतून होते, पण ती मागणी आहे, कायदा नव्हे. पडताळणी समिती चालीरीती, कुळ, देव विचारते हे खरं. पण त्या आप्तभावाच्या कसोटीवरच दाव्याचा निकाल लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. जुने कागद महत्त्वाचे. आणि काका प्रार्थनेला जातो म्हणून पुतणीचा दाखला जाईल, असं कुठल्याच नियमात बसत नाही. बैठकीत हा मुद्दा तुम्ही उचला. गावाचा अर्धा राग या भीतीपोटी असेल तर तो तिथेच उतरेल.

आता घरातलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी पत्रं लिहिणं थांबवलं नाही. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं आणि आपली वेगळी चूल सांभाळून, आणि स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, आपल्या मनाने, आपल्या वेळी. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या म्हणून मी हे सांगत नाहीये. झाल्या नसत्या तरी माझा मुद्दा तोच राहिला असता. एका छपराखाली दोन चुली आणि दोन देव नांदत होते, आणि संसार चालला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी, कर्मठ चित्पावन घरात, हे जमलं. तुमच्या भावकीत का जमू नये?

दादाला लग्नात काय चालेल हे त्याच्याकडूनच समजून घ्या. देवाला कोंबडं दाखवताना तो बाजूला थांबेल, प्रसादाचं खाणार नाही, पण हळद लावेल, वऱ्हाडाला पाणी देईल, नवरीला उचलून मांडवात आणेल, पंगतीत वाढेल, असं काहीसं निघेल असा माझा अंदाज आहे. त्याप्रमाणे त्याला एखादं नेमकं, सगळ्यांना दिसेल असं काम द्या. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवू नका, आणि विधीच्या वेळी ‘ये ना रे दादा’ म्हणून चारचौघांत ओढूही नका. त्याचे पास्टर येणार असतील तर पाहुणे म्हणून येऊ देत. मांडवात प्रार्थना किंवा पत्रकं नकोत, हे दादाने त्यांना आधी सांगावं. ही अट वाजवी आहे, आणि गावालाही सांगता येईल.

व्याह्यांना गावाकडून कळायच्या आत तुम्ही जाऊन सांगून या. आणि तुमच्या इतक्या लांब पत्रात मुलीचं मत कुठेच नाही! तिला विचारलंत का? लग्न तिचं आहे. काकाच्या खांद्यावर बसून ती जत्रेला जायची असं तुम्हीच लिहिलंय.

भावकी आलीच नाही तर? येणार नाहीत काही जण. लग्न नाशकात करून गावी नंतर जेवण ठेवण्याचा विचार तुम्ही केलाय, तो वाईट नाही. गावच्या मांडवात कुणी किती दंड भरायचा हा हिशेब नाशकात चालत नाही, आणि एरवी घाबरणारे चार जण तिथे निवांत येतील. पण दादाला नाशकाला बोलवायचं आणि गावच्या जेवणात वगळायचं, अशी वाटणी करू नका. दोन्हीकडे तो असेल, नाहीतर गावचं जेवण रद्द. एवढं ठाम राहिलात तर पन्नास पानं कमी उठतील, आणि त्यातली निम्मी वर्षभरात आपणहून घरी येतील. जो आज घाबरून येणार नाही त्याच्याशी बोलणं तोडू नका. दंडाची भीती त्यालाही आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते, कारण नंतर वेळ मिळत नाही. आईचं वय ७८. वडिलांना गावच्या जागेत पुरलंय असं तुम्ही लिहिता. उद्या आईचं काही झालं आणि गावाने जागा नाकारली तर? छत्तीसगडच्या बस्तरमधल्या छिंदवाडा गावात जानेवारी २०२५ मध्ये हेच घडलं. एक वयस्कर पास्टर वारले. त्यांच्या घरची आधीची माणसं त्याच गावात पुरलेली होती, तरी गावाने अडवलं. स्वतःच्या शेतात पुरायलाही उच्च न्यायालयाने, गावात अशांतता होईल म्हणून, परवानगी दिली नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकांच्या मते स्वतःच्या जमिनीत पुरू द्यावं, दुसऱ्यांच्या मते ठरलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच. देह तीन आठवडे शवागारात पडून होता, म्हणून शेवटी दोघांनी मिळून २०-२५ किलोमीटरवरच्या दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात पुरायचा आदेश दिला.

तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून बहिष्काराची ती बैठक बसेल तेव्हाच हा विषयही काढा आणि जे ठरेल ते लिहून घ्या. जागेचा अर्ज ग्रामपंचायतीला द्या, प्रत तहसीलदारांना, दोन्हींची पोच घ्या. स्वतःच्या शेतात नवी जागा करायची झाली तर परवानगी लागते, तेव्हा तोंडी होकारावर राहू नका. आणि मुख्य म्हणजे आईला विचारा, की तिला कुठे आणि कोणत्या रीतीने जायचंय. तिला नवऱ्याशेजारी जागा हवी असेल, प्रार्थना हवी असेल, दोन्ही हवं असेल. कदाचित भगतही हवा असेल. म्हातारी माणसं आपल्यासारखी काटेकोर नसतात. विचाराल तेव्हा दादा आणि तुम्ही दोघं समोर असा, शेजारचं एखादं जुनं माणूसही बसवा, म्हणजे तिच्या तोंडी कुणी शब्द घातले असं पुढे कुणाला म्हणता येणार नाही.